पटावरील पैज

शंकरपटांवर 2014 साली बंदी आली. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला, आणि पट अटींवर मोकळे झाले. पैजेस मात्र त्यात मुभा नाही. तरी हिवरखेडकडील कोणी बंधु विचारील की, मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर घोड्यांवर पैसे लावणे परवान्याने चालते, 1996 साली त्याच न्यायालयाने घोड्यांची शर्यत ही कौशल्याची बाब ठरविली. मग आमच्याच बैलजोडीवर चार रुपये लावण्यात पाप कोणते?

त्या मैदानावरील हॅण्डिकॅप शर्यतीची रीत पाहा. चांगल्या घोड्यावर अधिक वजन घालितात, दुबळ्यावर कमी. हेतू हा की सर्वांस जिंकण्याची संधि सारखी असावी. म्हणजे जाणत्यास जे कळते त्यातील बहुतेक अगोदरच तोलून वजा केलेले असते. उरते त्यावर लोक घर गहाण टाकितात!

चिठ्ठी टाकणे हेच पाप, असे आम्ही म्हणत नाही. मत्थियाची निवड चिठ्ठ्यांनीच झाली. तेथे कोणाचे काही गेले नाही. वधस्तंभाखाली शिपायांनी टाकिल्या त्या दुसऱ्याच्या वस्त्रासाठी.

कोणी म्हणेल, कोरडवाहू कपाशी पेरणे हीही पैजच. हा आक्षेप आम्हांस हलका वाटत नाही; वऱ्हाडात तो कोणास वाटेल? परंतु पाऊस पडला म्हणजे शेजाऱ्याचेही शेत पिकते. पैजेत शेजारी बुडाल्यावाचून आपणांस काही मिळत नाही.

जिंकलेल्या रकमेचा दशमांश मंडळीस दिला तर? तो आम्ही घेणार नाही. ज्याचा पैसा गेला त्याचे घर ठाऊक असेल, तर सगळी रक्कम तेथे पोहोचवावी.