माया आणि माप

भागवतातली जडभरताची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी प्रवचनात ऐकलेली असते. राज्य सोडून भरत राजा गंडकीच्या काठी तप करायला बसला. एक गाभण हरिणी पाणी प्यायला आली, सिंहाच्या डरकाळीने दचकली, तिने उडी मारली आणि तिचा गर्भ प्रवाहात पडला. हरिणीने पलीकडे प्राण सोडला. भरताने ते पाडस उचलले, आश्रमात आणले, वाढवले. मग हळूहळू स्नान सुटले, जप सुटला, पूजा सुटली. शेवटच्या क्षणी मनात देव नव्हता, हरीण होते. म्हणून पुढचा जन्म हरणाचा मिळाला.

प्रवचनकार इथे थांबून सांगतात, बघा, माया कशी गुंतवते. आपण माना डोलावतो. पण ज्याच्या घरी गोठा आहे तो माणूस देवळाच्या पायऱ्या उतरताना स्वतःशी विचारतोच, की मग भरताने करायचे तरी काय होते? पाडस डोळ्यांदेखत वाहून जाऊ द्यायचे होते का?

दत्तभक्तहो, मी काही शास्त्री नाही. बी.कॉम. होऊन ३४ वर्षे बँकेत कारकुनी केली. आमचे घर शिरोळ तालुक्यातले, नृसिंहवाडीच्या पंचक्रोशीतले. धाकटा भाऊ शेती बघतो, गोठ्यात चार गाई आणि दोन म्हशी. निवृत्तीनंतर गावी राहायला आलो आणि रात्री-अपरात्री गोठ्यात उभे राहण्याचे योग आले. तिथे जे पाहिले त्यावरून वरच्या प्रश्नाचे मला एक उत्तर सापडले आहे. ते पटते का, हे आपण ठरवावे.

आपल्या मराठीत 'माया' हा शब्द दोन्हींकडे चालतो. "वासराला माया लावली" म्हणतो तेव्हा तो चांगला असतो. "संसाराच्या मायेत अडकला" म्हणतो तेव्हा तोच वाईट. शब्द एक, मग फरक कशाचा? मला वाटते, फरक मापाचा.

'अडली गाय फटके खाय' अशी म्हण आहे. अडलेल्याला सगळे सोसावे लागते, असा तिचा अर्थ. पण खरोखरची अडलेली गाय फटक्यांपेक्षा घाईने जास्त मरते. गाय नऊ महिने नऊ दिवसांची गाभण. दिवस भरत आले की कास भरते, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडतात. मग कळा, मग पाणमोट, मग दोन खुर आणि त्यांवर टेकलेले नाक. बहुतेक गाई आपल्या आपण वितात. अशा वेळी गोठ्यात सर्वांत धोक्याची गोष्ट कोणती, तर दयाळू माणसांची गर्दी. जो तो म्हणतो, "अहो ओढा की! बिचारीला किती त्रास होतोय!" आमचा भाऊ अशांना गोठ्याबाहेर चहाला पाठवतो. मलाही एकदा म्हणाला, "दादा, जरा दम धरा. तिचं काम तिला करू द्या."

पण दम धरणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. त्यालाही मुदत असते. गाय जोरात कळा देते आहे आणि अर्धा-पाऊण तास झाला तरी काही पुढे सरकत नाही, तर गुरांच्या डॉक्टरांना फोन गेलाच पाहिजे. खुरांचे तळवे जमिनीकडे असतील तर बहुधा पुढचे पाय, आभाळाकडे असतील तर वासरू उलटे असण्याचा संभव. दोन पाय दिसतात पण नाक लागत नाही, तर मान मागे वळलेली असू शकते. अशा वेळी पाय ओढले तर वासरू अधिकच अडकते. डॉक्टर काय करतात? नखे काढलेला, साबणाने धुतलेला हात आत घालतात आणि दोन कळांच्या मधल्या वेळात वासराला आधी मागे ढकलतात. आत जागा झाली की मान सरळ करतात, आणि मग कळ येईल तेव्हाच, तिच्या जोराबरोबर, एकदा हा पाय एकदा तो पाय असे खाली ओढून घेतात. कळ थांबली की त्यांचा हातही थांबतो.

बाहेर काढण्यासाठी आधी आत ढकलावे लागते, हे पाहिले तेव्हा मला अवधूतांच्या चोवीस गुरूंतला बाण करणारा कारागीर आठवला. राजाची मिरवणूक वाजतगाजत शेजारून गेली तरी त्याला पत्ता नव्हता, कारण सारे लक्ष बाणाच्या टोकावर. त्या डॉक्टरांचे लक्ष तसे असते. गाईची कीव करत बसायला त्यांना सवड नसते, आणि गाईच्या उपयोगी पडतात ते तेच.

आता आमच्या घरात घडलेले सांगतो. तीन वर्षांपूर्वी श्रावणात आमची तिसऱ्या वेताची एच.एफ. संकरित गाय अडली. मान वळलेलीच होती. डॉक्टर वेळेवर आले, वासरू जिवंत निघाले. गाय मात्र उठली नाही, पहाटे गेली. कोणाची कसूर नव्हती. मागे राहिला तो गोऱ्हा, जेमतेम ३० किलोचा.

गाय कर्जाऊ घेतलेली होती. तिच्या कानात विम्याचा बिल्ला होता. तिचा पंचनामा झाला, कागद झाले, रीतसर दावा गेला. ती सगळी कामे मी केली, कारण तो माझा जन्माचा धंदा. पण कागद लावता लावता ध्यानात आले, की गाय पुस्तकात तारण म्हणून आहे, विमेदाराकडे क्रमांक म्हणून आहे, आणि हे वासरू कुठल्याच वहीत नाही.

भावाने संध्याकाळी हिशोब मांडला. वासराला रोज त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके दूध लागते, म्हणजे ३ लिटर. तीन महिन्यांचे २७० लिटर. लिटरला ३० रुपये धरले तरी ८,१०० रुपये. शिवाय औषधपाणी, आणि घरातल्या बाईमाणसाचे कष्ट वेगळे. कालवड असती तर उद्याची गाय म्हणून जमेला धरता आली असती. ट्रॅक्टर आल्यापासून संकरित गोऱ्ह्याला विचारतो कोण? इकडे कर्जाचा हप्ता डोक्यावर आणि पुतण्याची कॉलेजची फी भरायची. भाऊ वाईट माणूस नाही. त्याने सरळ विचारले, "दादा, तुम्ही बँकेतले. सांगा, हा खर्च कुठल्या खात्यावर टाकू? धर्मादाय?"

मी रात्रभर विचार केला. धर्मादाय हे उत्तर मला पटेना. दान आणि देणे यांत फरक आहे. दान ऐपतीप्रमाणे आणि मनाप्रमाणे, दिले नाही तर कोणी दावा लावत नाही. देणे मात्र फेडायचे असते, मनात असो वा नसो. त्या गाईने मागल्या दोन वेतांचे दूध आम्हाला दिले होते. त्या दुधावर आधी हक्क होता तिच्या वासरांचा. ते संघात घालून आम्ही घर चालवले, दूध-भात खाल्ला, नैवेद्यही दाखवला. आता तिचे वासरू तीन महिन्यांचे दूध मागत होते. सकाळी भावाला म्हटले, "देणे खात्यावर टाक." तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तसं असंल तर पुरं फेडू."

इथे एक खुलासा करतो. ज्याच्या घरी एकच गाय आणि तीवरच चूल पेटते, त्याला हे जमले नाही तर त्याच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार मला नाही. देणेकऱ्याची ऐपत बघून बँकसुद्धा हप्ते पाडून देते. अशाने वासरू दुसऱ्याच्या गोठ्यात, दुसऱ्या गाईला लावून दिले तरी देणे फिटते. देणे नाकारणे वेगळे आणि न झेपणे वेगळे.

दूध द्यायचे ठरले, तरी किती आणि कसे हा प्रश्न उरतोच. माणसाच्या बाळाला रोगाशी झुंजायची थोडी शक्ती पोटातच आईकडून मिळते. गाईच्या वासराला ती पोटात मिळत नाही, ती मिळते चिकातून. आणि तीही पहिल्या काही तासांत जास्तीत जास्त. दिवस उलटला की चीक पाजूनही ती अंगी लागत नाही. हे आमच्या धाकट्या भावजयीला पक्के ठाऊक. गाय आडवी पडलेली असतानाच तिने लोटाभर चीक काढून घेतला होता. बाकीचा शेजारच्या घरून आणला, त्यांची गाय त्याच दिवशी व्यायली होती. शेजारणीने न मागता भांडे भरून दिले. त्या दिवशी त्यांच्या घरी खरवस झाला नाही. मी अनेक देणग्यांच्या पावत्या फाडल्या आहेत, पण त्या भांड्याएवढी मोठी देणगी क्वचितच पाहिली.

पुढचे तीन महिने भावजयीने गोऱ्ह्याला बाटलीने पाजले. दूध गाईच्या अंगाइतके कोमट, आणि बाटली उंच धरलेली. मान वर करून वासरू चोखते तेव्हा आत एक पन्हळ तयार होते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरते. बादलीतून घटाघटा प्यायले तर ते पहिल्या पोटात साचून आंबण्याची भीती. पाजून झाले तरी गोऱ्हा हंबरायचा. पोरांना कणव यायची, "काकू, अजून थोडं द्या ना, बघा कसं रडतंय." ती द्यायची नाही. म्हणायची, "रडतंय म्हणून पाजायचं नाही, वेळ झाली म्हणून पाजायचं. माझ्या मायेनं त्याला हगवण लागली तर ती निस्तरणार कोण?" आणि खरेच आहे. आई नसलेली कितीतरी वासरे उपाशी राहून नव्हे, तर लाडाने एकदम जास्त पाजल्यामुळे हगवणीने जातात.

शाळा न शिकलेल्या त्या बाईच्या बोलण्यात मला भरताच्या कथेचे उत्तर मिळाले. आपण समजतो की मोजमाप हे व्यवहाराचे आणि माया ही काळजातली, दोघांची गाठ नको. पण गोठ्यात मापाशिवायची माया वासराला मारते. चोवीस गुरूंत कपोत आहे, जो पिलांच्या मोहाने स्वतः जाळ्यात शिरला. त्याने पिलांवर प्रेम केले हे चुकले नाही, पण जाळ्यात शिरून एकही पिलू वाचले नाही.

आणि शेवटचे माप सोडण्याचे. दुसऱ्या आठवड्यापासून भावजयीने गोऱ्ह्यापुढे कोवळे गवत आणि मूठभर खुराक ठेवायला सुरुवात केली. तो चघळू लागला तसे दूध कमी केले, तीन महिन्यांनी तोडले. दीड वर्षाचा झाला तेव्हा ओळखीच्या एका शेतकऱ्याने औताच्या जोडीसाठी मागितला. घर माहितीचे, जनावराला जपणारे. नारळ आणि सव्वा रुपया घेऊन दिला. भावजयीने औक्षण केले, डोळे पुसले आणि धारेला बसली, कारण धारेची वेळ झाली होती.

म्हणून मला वाटते, भरताने पाडस उचलले यात त्याचे काही चुकले नाही. तो तिथे होता, त्याने पाहिले, म्हणजे ते त्याचे देणे झाले. उचलले नसते तर त्याचा जप कोरडाच राहिला असता. पण पाडस चरायला लागल्यावर त्याला कळपाकडे वळवायचे होते, आणि स्वतः पूजेला परतायचे होते. ते सोडण्याचे माप त्याच्याकडून राहून गेले. माया वाईट नाही. तिला कधी हात घालायचा, किती द्यायचे आणि केव्हा सोडायचे हे कळले, की तीच सेवा होते.

गुरुचरित्राच्या बाविसाव्या अध्यायात स्वामींच्या कृपेने वांझ म्हैस दुभती झाली. तिथेही स्वामींनी त्या घरच्या बाईला धार काढायला बसवलेच. कृपा त्यांची, हात तिचा. आपल्या घरोघरच्या तसबिरीत दत्त महाराजांच्या मागे गाय उभी असते. मी पाहिलेल्या तसबिरींत तिला दावे बांधलेले नसते. ती जवळ आहे आणि मोकळीही आहे.

येत्या मार्गशीर्ष पौर्णिमेला आपण महाराजांपुढे दुधाचा नैवेद्य ठेवू. ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांनी वाटी भरण्याआधी एकदा वासराच्या पोटावरून हात फिरवून बघावा. ज्यांच्या घरी गोठा नाही, त्यांच्याही दारात कोणी ना कोणी आईवेगळे असतेच: नात्यातले पोर असेल, शेजारचा एकटा म्हातारा असेल. त्याचे आपल्याकडे किती देणे आहे, ते मोजून बघावे आणि मोजूनच फेडावे.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.