दानाची पारख

वाजश्रवसाने यज्ञात दिलेल्या गायी म्हाताऱ्या आणि भाकड होत्या, हे पाहून लहानग्या नचिकेताचे मन अस्वस्थ झाले. कठोपनिषदातील ही कथा आपण मृत्युविचारासाठी वाचतो. तिच्या आरंभीचा प्रश्न मात्र मागे राहतो. विनामूल्य दिलेली वस्तू पारखूनच द्यावी, असे बंधन दात्यावर आहे काय?

हा प्रश्न आज संगणकाच्या क्षेत्रात, मुक्तस्रोत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कार्यात, नव्याने उभा आहे. एखादा कुशल मनुष्य जावास्क्रिप्ट भाषेत आज्ञावलींचा संच रचतो (त्यास लायब्ररी म्हणतात), तो जगास मोफत देतो, आणि अनेक संकेतस्थळे तो वापरू लागतात. अशा संचांना पुष्कळदा जोडल्या जाणाऱ्या एम.आय.टी. परवान्यात स्वच्छ लिहिलेले असते की वस्तू आहे तशी दिली आहे, हमी कसलीच नाही. कायद्याने दाता मोकळा झाला. नीतीने झाला काय?

मला तसे वाटत नाही. कारण येथे घेणारे दोन आहेत. संकेतस्थळ बांधणारा परवाना वाचतो, निदान वाचू शकतो. पण ते पान उघडणाऱ्या वाचकाने कोणताच करार केलेला नसतो. आपल्या पानात कोणाचे दान शिरले आहे, हे त्या बिचाऱ्यास ठाऊकही नसते.

या दुसऱ्या माणसाचा विचार करणारी एक पद्धती स्टीव्हन चॅम्पियन व निक फिंक यांनी २००३ साली अमेरिकेत ऑस्टिन येथे मांडली. तिचे नाव प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट, म्हणजे क्रमाक्रमाने समृद्धी. प्रथम मजकूर, दुवे व अर्ज साध्या रूपात पूर्णपणे चालते करावयाचे; त्यानंतर सजावट; आणि जावास्क्रिप्टची करामत अगदी शेवटी. वरणभात साऱ्या पंगतीस पोचल्यावाचून जिलबी फिरवू नये, इतके हे सरळ आहे.

या पद्धतीवर २०१० साली ग्रंथ लिहिणाऱ्या फिलामेंट ग्रुप या मंडळींनी एन्हान्सजेएस नावाचा संच मुक्तस्रोत म्हणून दिला. तो ब्राउझरला नाव विचारीत नाही. नाव विचारण्यात अर्थही नाही. आज बहुतेक सर्व ब्राउझर स्वतःस 'मोझिला' म्हणवून घेतात! हा संच एक रिकामी चौकट उभी करतो, तिला रुंदी व आतील मोकळी जागा देतो आणि एकूण माप बरोबर भरते की नाही ते मोजतो. अशा अनेक परीक्षा झाल्यावरच तो भारी सामग्री मागवितो. एका परीक्षेत जरी ब्राउझर उणा पडला, तरी साधे पान तसेच राहते. कोणी यास कठोर म्हणतील. मला तर अर्धवट सजून मोडलेल्या पानापेक्षा साधे पण धड पान अधिक सन्मानाचे वाटते.

तथापि एक अडचण राहते, आणि माझ्या मते सर्वांत मोठी तीच. २०१३ साली ब्रिटिश शासनाने आपल्या संकेतस्थळावर मोजणी केली. १.१ टक्के भेटींत जावास्क्रिप्टची सुधारणा पोचलीच नव्हती. त्यांपैकी ०.२ टक्क्यांकडे ती बंद होती किंवा चालतच नव्हती, उरलेल्या ०.९ टक्क्यांचे ब्राउझर समर्थ असूनही ती वाटेतच कोठेतरी अडली होती. जो संच पोचलाच नाही, तो परीक्षा कोणाची घेणार? म्हणून दात्याने आपले दान वगळूनही पान चालवून पाहिले पाहिजे. आपण नसताना काय होते, ही परीक्षा घेणे माणसाच्या अहंकारास जड जाते. आपल्या वेगवान यंत्रावर सर्व सुरळीत दिसत असताना तर फारच.

रात्री जागून, बिनमोल काम करणाऱ्यावर हा भार घालणे अन्यायाचे नाही काय? आहे, थोडासा. त्याला प्रत्येक जुने यंत्र विकत घेणे शक्य नाही. पण कोणत्या ब्राउझरवर चाचणी झाली नाही, हे उघड लिहून ठेवणे त्याच्या हातचे आहे. आणि जे त्या संचावर पैसे मिळवितात, त्यांनी आपल्या चाचण्यांचे निष्कर्ष त्याला परत कळविणे हा त्यांचा वाटा होय. तो फारच थोडे उचलतात.

एन्हान्सजेएसमध्ये आणखी एक लहानशी सोय होती. पानावर एक दुवा दिसे. तो दाबून वाचक स्वतःच साध्या पानाकडे वळू शके, आणि त्याची निवड पुढील पानांवरही लक्षात ठेवली जाई. सर्व परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरदेखील हा दुवा तेथे असे.