अग्नीवाचून धूर

ज्या छायाचित्र-स्पर्धांत संगणकावरील संस्कारांना मर्यादा घातलेली असते, त्यांच्या नियमावलीतील कलमे बहुधा एकाच वळणाची असतात: उजेड आणि छाया यांचे प्रमाण थोडेफार सावरावे, रंगांचा तोल साधावा, चौकट किंचित कापावी, परंतु जे भिंगासमोर नव्हते ते चित्रात आणू नये, जे होते ते पुसू नये, आणि शंका उपस्थित झाल्यास कॅमेऱ्यातील मूळ फाइल परीक्षकांपुढे रुजू करावी. अशा शर्तींमुळे ज्याला आपल्या चित्रात धूर हवा असेल, त्याला तो संगणकावर रंगविण्याची मुभा उरत नाही. तो प्रत्यक्षच निर्माण करावा लागतो. मग कोणी काळ्या पडद्यापुढे उदबत्ती लावून तिच्यावर बाजूने किंवा मागून प्रकाश सोडतो, कारण समोरून टाकलेल्या उजेडात धुराचे सूक्ष्म कण फिके पडतात; कोणी ग्लिसरीन आणि पाणी यांचे मिश्रण तापविणारे यंत्र आणतो; तर कोणी उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास असणाऱ्या ड्राय आइसवर ऊन पाणी ओततो. असा धूर नियमाच्या दृष्टीने निर्दोष ठरतो. प्रश्न एवढाच, की नियमाने निर्दोष ठरविलेले चित्र तेवढ्यावरून सत्यही ठरते काय?

या प्रश्नाचा विचार करताना नैयायिकांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे, कारण अनुमानाचे विवेचन करण्यासाठी त्यांनी शतकानुशतके धुराचाच दृष्टान्त घेतला. पर्वतावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे. स्वयंपाकघरात या दोहोंचे साहचर्य आपण पाहिलेले आहे, आणि सरोवरात अग्नी नसल्याने तेथे धूरही नसतो. मात्र वाफेला किंवा धुळीच्या लोटाला धूर समजून जो अग्नीचे अनुमान करील, त्याचा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधारच, असिद्ध होय, असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला आहे. आता ड्राय आइसपासून उठणारे शुभ्र पटल काटेकोरपणे पाहिले तर धूर नव्हेच. कार्बन डायऑक्साइड वायू अदृश्य असतो, आणि आपल्याला दिसतात ते त्याच्या शैत्याने बाष्प सांद्र होऊन झालेले जलबिंदू. यंत्रातून निघणारे धुकेही द्रवाच्या सूक्ष्म थेंबांचेच असते. म्हणजे तार्किकांनी भ्रमाचे कारण म्हणून जी वाफ निर्दिष्ट केली, तीच येथे साधन म्हणून हेतुपुरस्सर योजिली जाते. उलटपक्षी, उदबत्तीचा धूर खऱ्या विस्तवाचा असतो खरा. परंतु तोच एखाद्या ओसाड घराच्या चित्रात पसरवून ‘जळिताचे घर’ असे शीर्षक दिले, तर खरा धूरही खोट्या निष्कर्षाचा साक्षीदार होतो. यावरून दिसते ते असे, की छायाचित्राला आपण प्रत्यक्ष प्रमाण मानीत असलो तरी प्रेक्षकाच्या ठायी ते हेतूचे काम करीत असते, आणि त्याचे सत्यासत्यत्व ते प्रेक्षकाला कोणत्या अनुमानाकडे नेऊ पाहते यावर अवलंबून असते.

याचे एक उदाहरण पाहावे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र-स्पर्धेत २०१७ साली पारितोषिक मिळालेले, ब्राझीलमधील वारुळाकडे येणाऱ्या मुंगीखाऊचे रात्रीचे चित्र पुढील वर्षी बाद करण्यात आले, ते तो प्राणी पेंढा भरलेला असावा असा तज्ज्ञांनी निर्वाळा दिल्यावरून. छायाचित्रकाराने आरोप अमान्य केला. पण आरोपाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. आक्षेप कॅमेऱ्याची कळ दाबल्यानंतरच्या कृतीवर नव्हता, तिच्यापूर्वीच्या मांडणीवर होता. याउलट कोकणातील दशावतारात राक्षसाच्या प्रवेशाला राळ उडते, तेव्हा मंडपात आग लागली असे कोणीही मानीत नाही. तेथे प्रेक्षक आणि नट यांच्यात खेळाचा करार आधीच झालेला असतो. धुराच्या केवळ आकृतीसाठी काढलेले चित्र या दुसऱ्या वर्गात मोडते, आणि तेथे कृत्रिमतेस कोणी हरकत घेऊ नये.

मग संस्करणाची मर्यादा नेमके रक्षण तरी कशाचे करते? माझ्या मते, कर्त्याच्या स्थानाचे. आपल्या दर्शनांत निमित्तकारण आणि उपादानकारण यांचा भेद केलेला आहे: कुंभार हा घटाचे निमित्त, माती हे उपादान. अद्वैत वेदान्त्यांनी ब्रह्म हे जगाचे दोन्ही प्रकारचे कारण मानले आणि त्यासाठी स्वतःतूनच तंतू काढणाऱ्या कोळ्याचा दाखला दिला. संगणकावर धूर रेखाटणारा मनुष्य आपल्या लहानशा विश्वात त्या कोळ्याच्या पदवीला पोहोचतो. त्याने इच्छिलेले वलय इच्छिलेल्या ठिकाणीच उमटते, कारण त्याला विरोध करणारे द्रव्यच तेथे नसते. उदबत्ती लावणारा मात्र कुंभारच राहतो. धुराची रेषा काही अंतर सरळ चढते आणि पुढे विस्कटते. ती कोठे विस्कटावी हे त्याच्या हाती नाही. दार लावून घेणे, वारा बंद करणे, श्वास आवरून धरणे, एवढेच तो करू शकतो. शेष भाग वायूच्या स्वाधीन. नियम त्याला सर्वकर्तृत्वाच्या अभिमानापासून दूर ठेवतो आणि जगाशी सहकार्य करावयास भाग पाडतो. हे मोल थोडे नव्हे.

परंतु विनय आणि सत्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि स्पर्धांच्या नियमांत त्यांची गल्लत होते. निमित्तमात्र राहिलेला मनुष्यही असत्य बोलू शकतो. किंबहुना मूळ फाइलीचा दस्तऐवज हाती असल्याने तो अधिक निर्धास्तपणे बोलू शकतो. म्हणून परीक्षकांनी फाइल अवश्य मागावी, पण त्याबरोबर धूर कशाचा होता आणि कोणी केला याचा दोन ओळींचा खुलासाही मागावा. आकृतीच्या चित्राला त्या खुलाशाने काहीच उणेपणा येत नाही. घटनेचे म्हणून पुढे केलेले चित्र मात्र तो वाचल्यावर टिकते की नाही, यावरच त्याची खरी परीक्षा होते, आणि ती परीक्षा घेण्याचे सामर्थ्य कोणत्याही फाइलीत नाही.