शिदोरी घ्यावी, ओझं टाकावं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



पाडवा तोंडावर आलाय. रविवारी काकड आरती झाल्यावर आम्ही काही जण सांबऱ्याच्या शिवारात पाखरं बघायला गेलो. पळस फुललेला आणि त्यावर भोरड्यांचा थवा. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. बरोबरचे एक काका हसून म्हणाले, "जोंधळ्यावर बसली की यांच्यावरच गोफण चालवायचो आम्ही!" खरं आहे. पण हीच पाखरं नाकतोडेही खातात, आणि फुलाफुलांतला मध पिताना पराग इकडून तिकडे नेतात.

आता यांचा मुक्काम थोडाच. चैत्र-वैशाखात थवे परत निघतात, ते थेट मध्य आशियाकडे. तिकडे घरटी, पिल्लं. एका पाखराचं वजन साठ-सत्तर ग्रॅम, आणि वाट हजारो किलोमीटरची!

बरोबर काय नेतात? निघण्याआधी पोटभर खाऊन अंगात चरबी साठवतात, तीच शिदोरी. बाकी काही नाही. आपण सांबऱ्यातून विमानात बसतो तेव्हा बॅग काट्यावर ठेवावी लागते. पण मनातलं ओझं कोण तोलणार?

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यात कुरर नावाचा पक्षी आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून दुसरे बलवान पक्षी त्याला टोचू लागले. त्यानं तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. नाथमहाराजांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहून हे ज्ञान घराघरात पोचवलं.

आता आपल्या घरात बघूया. बांधावरनं दोन भावांचं बोलणं बंद. पाडव्याला शेजारी-शेजारी दोन गुढ्या, आणि म्हातारी आई मधल्या उंबऱ्यावर. कुणाच्या घरचं गोड आधी खाऊ, याचीच तिला धास्ती. सांगा, चोचीतला तुकडा मोठा की आई?

कुणी म्हणेल, "मग काय हक्क सोडून द्यायचा?" तसं नाही. मोजणी करून घ्या, कागद नीट करा. आपल्या वाट्याचं शेत ही पोराबाळांची शिदोरी आहे, ती टाकू नका. टाकायचा तो राग. 'आधी त्यानं बोलावं' हा हट्ट टाकायचा. शिदोरीनं बळ येतं, ओझ्यानं पंख दुखतात.

आपणही इथले पाहुणेच की! भोरडी ज्या पळसावर बसते, तो पळस तिच्या नावावर नसतो. तरी जाताना ती त्याचं भलं करून जाते.

म्हणून या पाडव्याला एकच सेवा करूया. ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याच्या दारात आपण आधी जायचं. हातात कडुलिंब-गूळ, तोंडात गुरूंचं नाव. जुना विषय काढायचा नाही. दार उघडलं नाही तरी चालेल, आपलं ओझं तर तिथंच उतरलं.

गुरुमाऊली सर्वांना तेवढं बळ देवोत.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥