कापडाचे पूर्ववृत्त आणि आप्तवाक्य

मापे देऊन शिवून घेतलेल्या उंची सुटाचे कापड अस्सल आहे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातला वाटला, तरी त्याच्या पोटात भारतीय तर्कशास्त्रातला एक जुना वाद दडलेला आहे. ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरवायचे, असा तो वाद होय. अस्सलपणाच्या कल्पनेत दोन निराळ्या गोष्टी नेहमी एकमेकींत मिसळतात. तंतूचा बारीकपणा, विणीचा घट्टपणा, अंगावर पडणारी कापडाची ठेवण हे गुण कापडातच असतात. परंतु लोकर कोणत्या प्राण्याची आहे, ती कोठे कातली गेली आणि कोणाच्या मागावर विणली गेली, हे कापडाचे पूर्ववृत्त असते आणि ते चिमटीत धरून चाचपता येत नाही.

न्यायदर्शनाने यथार्थ ज्ञानाची चार साधने, म्हणजे प्रमाणे, मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. गुणांच्या परीक्षेत यांपैकी पहिली दोन बऱ्यापैकी कामाला येतात. जाणता शिंपी कापडाचा कोपरा मुठीत घट्ट चुरगळून सोडतो व चुण्या किती लवकर मोडतात ते पाहतो, कापड उजेडासमोर धरून वीण न्याहाळतो, तिरपे ओढून ते जागेवर परत येते का हे अजमावतो; हे सारे प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी मिळणारे ज्ञान. मात्र मऊपणा हा फसवा साक्षीदार आहे, कारण विणकाम संपल्यावरच्या फिनिशिंगने साधारण लोकरीलाही पहिल्या स्पर्शापुरता रेशमी गुळगुळीतपणा आणता येतो. काठाचे चार धागे काढून जाळून पाहणे हे शुद्ध अनुमान होय. लोकरीचा धागा चरचरत हळू जळतो, ज्योत दूर नेली की बहुधा विझतो, जळक्या केसांचा वास सोडतो आणि त्याची काळी राख बोटांत सहज चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. सूत आणि लिनन (जवसाच्या खोडातील तंतूंचे कापड) कागदासारखे भरभर जळून करडी, हलकी राख मागे ठेवतात. तथापि अनुमान व्याप्तीवर, म्हणजे दोन गोष्टींच्या अव्यभिचारी साहचर्यावर, उभे असते आणि येथील व्याप्ती फार दूर जात नाही. तो वास केराटिन या प्रथिनाचा असल्याने तंतू प्राणिज आहे एवढेच त्यावरून सिद्ध होते. मेंढी, अंगोरा बोकड की काश्मिरी शेळी, हे ठरत नाही.

गिऱ्हाइकाच्या तोंडी असलेला ‘सुपर’ आकडाही असाच मर्यादित आहे. आंतरराष्ट्रीय लोकर वस्त्र संघटनेच्या संकेतानुसार ‘सुपर १००’ कापडातील लोकरीचा सरासरी व्यास १८.७५ मायक्रॉनपेक्षा, ‘सुपर १२०’मधील १७.७५ पेक्षा आणि ‘सुपर १५०’मधील १६.२५ पेक्षा अधिक असता कामा नये. हा आकडा तंतूच्या जाडीखेरीज काहीच सांगत नाही. वीण, पीळ आणि वजन यांबाबत तो मुका असतो, आणि तंतू बारीक होत जातो तसे कापड नाजूकही होत जाते, हे विक्रेता सहसा आपण होऊन बोलत नाही. रोज वापरायच्या सुटासाठी शंभर-एकशेवीसच्या पुढे जाण्यात हौसेचाच भाग मोठा असतो.

पूर्ववृत्ताचा प्रश्न आला की शब्दाशिवाय, म्हणजे विश्वासार्ह माणसाच्या सांगण्याशिवाय, गती उरत नाही. ब्रिटनच्या १९९३ सालच्या कायद्याने हॅरिस ट्वीड या लोकरी कापडाची जी व्याख्या केली आहे, तीत स्पर्शाचा किंवा टिकाऊपणाचा उल्लेखही नाही. आउटर हेब्रिडीज बेटांवर रंगवलेली व कातलेली शुद्ध नवी लोकर, बेटवासीयांनी स्वतःच्या घरी हाताने विणलेली आणि तेथेच फिनिशिंग केलेली, एवढीच अट आहे. धाग्याधाग्याने हुबेहूब असे कापड दुसरीकडे विणले, तरी ते हॅरिस ट्वीड ठरणार नाही. व्हिक्युना या अँडीज पर्वतातील रानटी प्राण्याच्या, सुमारे १२ ते १३ मायक्रॉन जाडीच्या लोकरीत तर पूर्ववृत्ताला नैतिक वजनही येते, कारण वन्यजीव-व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार जिवंत प्राण्यावरून कातरलेल्या लोकरीलाच बाजार मोकळा करतो आणि कापडाच्या काठावर व्हिक्युनाचे नाव व मूळ देश विणण्याची अट घालतो. मारलेल्या प्राण्याची लोकर हाताला वेगळी लागत नाही. काठावरची ती अक्षरे म्हणजे शब्दप्रमाणच होय, आणि शब्द खोटाही विणता येतो. म्हणूनच न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन आप्ताची, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा अशा व्यक्तीची, लक्षणे सांगतो: त्याने वस्तू स्वतः जाणलेली असावी आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याला इच्छा असावी. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना हे लक्षण सारखेच लागू होते, असेही तो म्हणतो. त्या हिशेबाने हेब्रिडीजचा विणकर आप्त ठरतो, आणि कापडाचे मूळ स्वतः न जाणणारा दुकानदार, तो कितीही सज्जन असला तरी, आप्त ठरत नाही.

ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानातच असते आणि बाधा येईपर्यंत ते खरे मानावे, असे मीमांसक, म्हणजे मीमांसा दर्शनाचे अनुयायी, म्हणतात. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, हे मान्य नाही. त्यांच्या मते प्रामाण्य बाहेरून, मुख्यतः प्रवृत्तिसामर्थ्याने, म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाल्याने, कळते. पाण्याचे ज्ञान खरे होते हे तहान भागल्यावर समजते. गुणांच्या बाबतीत ही कसोटी चोख आहे: चांगले कापड दहा वर्षांच्या वापरानंतरही कोपरांवर चकाकत नाही, गुडघ्यांशी फुगत नाही. पूर्ववृत्ताला मात्र ती लागू पडत नाही, कारण खोट्या काठाचा सूटही दहा वर्षे सुखाने वापरता येतो.

नैयायिकांच्या कसोटीची ही उणीव खऱ्या अर्थाने उघडी पडते ती यहुदी धर्मातील ‘शातनेझ’च्या नियमात. तोरातील लेवीय (१९:१९) आणि अनुवाद (२२:११) या ग्रंथांत लोकर व लिनन एकत्र असलेले वस्त्र नेसण्यास मनाई आहे. यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीझने बाराव्या शतकात त्याचे कारण मूर्तिपूजक पुरोहितांच्या वेशात शोधले. परंतु परंपरा या नियमाला ‘होक’, म्हणजे कारण न विचारता पाळायचा आदेश, मानते. फळ दिसत नसतानाही विधी पाळायचा, ही मीमांसकांची अदृष्टाची कल्पना येथून फार लांब नाही. अशा वस्त्राने अंगाला खाज येत नाही, शिवण उसवत नाही. म्हणजे वापराच्या अनुभवातून चूक कधीच बाहेर येत नाही.

आणि चूक लपण्याची जागा नेमकी उंची सुटातच असते. कोटाच्या कॉलरला बाक मिळावा म्हणून आत कडक कॅनव्हास घालतात, तो पुष्कळदा लिननचा असतो, आणि त्यावर लोकरीचे कापड टाचले जाते. जितकी शिलाई पारंपरिक, तितकी ही शक्यता अधिक. यंत्राने चिकटवलेल्या बुकरमच्या स्वस्त कोटात ती कमी असते. विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात यासाठी प्रयोगशाळा सुरू झाली. आता अनेक देशांत अशा तपासणीची सोय आहे, जिथे कॉलरची शिवण थोडी उसवून तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. लोकरीच्या तंतूवर खवले दिसतात, लिननच्या तंतूवर बांबूच्या पेरांसारख्या आडव्या खुणा.

सुमारे इ.स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहातील ‘किलाइम’ या प्रकरणाने भेसळीचाही विचार केला आहे. मनाई केवळ मेंढीच्या लोकरीपुरती असल्याने उंटाचे केस आणि लोकर एकत्र पिंजली असतील, तर अधिक भाग उंटाचा असल्यास लिननशी मेळ चालतो, निम्मेनिम्म असल्यास किंवा लोकर अधिक असल्यास चालत नाही. या न्यायाने ‘शुद्ध उंटाचे केस’ म्हणून विकलेल्या महाग कापडात लबाडीने निम्मी किंवा अधिक लोकर घुसवली गेली आणि आत लिननचा कॅनव्हास असला, तर साध्या ग्राहकाचे पैसे बुडतात, पण श्रद्धावानाच्या हातून न कळत व्रतभंग होतो. त्याच प्रकरणात शिंप्यालाही मुभा आहे: असे वस्त्र शिवताना ते मांडीवर आले तरी चालते, मात्र ऊन किंवा पाऊस वारण्याचा हेतू नसावा, काटेकोर लोक जमिनीवर ठेवून शिवतात, असेही तेथे नोंदले आहे.

साक्षीच्या बाबतीत यहुदी धर्मशास्त्र न्यायदर्शनाहून अधिक व्यवहारी आहे. निषिद्ध-अनिषिद्धाच्या प्रश्नात तेथे एका विश्वसनीय साक्षीदाराचा शब्द पुरतो, आणि कारागीर आपल्या धंद्याची पत स्वतःहून घालवणार नाही, हे तत्त्वही काही ठिकाणी आधाराला घेतले जाते. वात्स्यायनाला सांगणाऱ्याची खरे बोलण्याची इच्छा हवी असते. येथे त्याचा स्वार्थही पुरेसा मानला जातो. हा आधार दिसतो त्याहून नाजूक आहे, कारण लबाडी उघडी पडण्याची शक्यता असेल तेथेच पत जाण्याची भीती काम करते, आणि पूर्ववृत्ताची लबाडी बहुधा उघडी पडतच नाही. प्रयोगशाळेचे महत्त्व याच ठिकाणी आहे: ती शिंप्याच्या शब्दाची जागा घेत नाही, तर तो शब्द खोटा ठरू शकतो अशी परिस्थिती निर्माण करून त्याला किंमत आणते. तयार सुटाचा ग्राहक शिवण उसवल्यावाचून आत काय आहे हे जाणू शकत नाही. मापे देऊन शिवून घेणाऱ्याला मात्र कापड बेतण्याआधीच कॉलरचा कॅनव्हास मागता येतो, त्यातला धागा काढून तपासायला पाठवता येतो, आणि तो लिननचा निघाला तर सुती कॅनव्हास घालायला सांगता येतो.