डायसवरची तसबीर

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात नव्या न्यायाधीश रुजू झाल्या. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. वय तिशीच्या आसपास, माहेर साताऱ्याजवळचं क्षेत्र माहुली, घरात तीन पिढ्यांची पंढरीची वारी. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून विठ्ठल-रुक्मिणीची तसबीर काढली आणि डायसवर, फायलींच्या गठ्ठ्याशेजारी, लोकांना दिसेल अशी ठेवली. रोज खुर्चीवर बसण्याआधी त्या तिच्यापुढे हात जोडत. मागणं एकच असे, की आपल्या हातून कुणावर अन्याय होऊ नये.

हेतूत खोट काढायला जागा नव्हती. कुणी हरकतही घेतली नाही. दोन-चार वकिलांनी तर आत येताना नमस्कार करायला सुरुवात केली.

पण तालुक्याच्या कोर्टात आलेला माणूस कायदा वाचत नाही, खुर्चीवरच्या माणसाला वाचतो. साहेब कुठले, कुणाला मानतात, कुणाकडे बघून हसले, याचा हिशेब बाहेर लिंबाखाली चहा पिताना चालू असतो. महिन्याभरात तसबिरीची बातमी गावोगाव गेली. जे कधी देवळात जात नव्हते ते पक्षकार कपाळाला बुक्का लावून तारखेला येऊ लागले. व्हरांड्यात एक वकील आपल्या अशिलाला सांगताना कोर्टाच्या नाझरांनी ऐकला, “गळ्यातली माळ शर्टाच्या बाहेर काढ की. मॅडमना दिसू दे.”

त्याच सुमारास धुऱ्याचा एक जुना दावा निकालाला आला. शेजारी-शेजारी दोन शेतं, काळी कसदार जमीन, कापूस आणि तुरीची. एक शेत माळकरी अण्णांचं, दुसरं चाचांचं. धुऱ्यावरची बाभूळ वादळात पडली, खुणेचा दगड नांगरटीत कुठं गेला कुणालाच कळलं नाही आणि दोन्ही घरं हद्दीवरून भांडू लागली. वडिलांनी दाखवलेला धुरा इथंच होता, असं चाचा मनापासून सांगत. अण्णाही तेवढ्याच मनापासून सांगत की तो चार पावलं पलीकडे होता. कोर्टाने भूमी अभिलेखच्या भूकरमापकाला कोर्ट कमिशनर नेमलं. मोजणी झाली, नकाशा आला, उलटतपासणीत तो टिकला. अण्णांची सहा गुंठे जमीन चाचांच्या वहितीत निघाली. निकाल अण्णांच्या बाजूने लागला. दुसरा कुणीही न्यायाधीश असता तरी त्याने हाच निकाल दिला असता.

निकालाच्या दिवशी पुकारा झाला तेव्हा चाचा दारात थांबले. डोक्यावरची पांढरी टोपी त्यांनी काढली, नीट दोन घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि मग उघड्या डोक्याने आत गेले. चाळीस वर्षांत ते टोपीशिवाय गावाबाहेर पडले नव्हते. दाराजवळ उभ्या असलेल्या नाझरांनी ते पाहिलं आणि त्यांना कसंतरी झालं.

निकाल ऐकून बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, “अब्बा, तीस दिवसांची मुदत आहे. परभणीला अपील करू.”

“कशाला पैसे घालतो? तिथंबी कोणाचा तरी फोटो असंल,” चाचा म्हणाले.

हरलेल्या माणसाला निकाल कडू लागणारच, हे न्यायाधीशांना ठाऊक होतं. धक्का बसला तो जिंकलेल्या माणसामुळे. पंधरा दिवसांनी अण्णा निकालाची नक्कल घ्यायला आले. चेहरा उतरलेला. नाझरांनी अभिनंदन केलं तर त्यांचे डोळे भरून आले.

“नाझरसाहेब, माझी जमीन खरी होती हो. मोजणी झाली, नकाशा निघाला. पण गावात मोजणीचं कुणी नावबी घेईना. हाटेलात बसलं की मनतात, अण्णा, मॅडम आपल्याच निघाल्या. सप्त्यात मनले, माळंनं जमीन दिली. हक्काची जमीन मिळाली आन् चोरून आणल्यावानी वाटायलंय.”

संध्याकाळी कोर्ट उठल्यावर नाझर चेंबरमध्ये गेले. “मॅडम, लहान तोंडी मोठा घास होतोय,” म्हणत त्यांनी अण्णांचं बोलणं सांगितलं, टोपीचंही सांगितलं.

न्यायाधीश दुखावल्या. “नाझरसाहेब, मी निकाल मोजणीवर दिला. एकेक मुद्दा निकालपत्रात लिहिलाय. तसबिरीचा त्यात संबंध काय?”

“काही नाही, मॅडम. तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. पण चाचाला निकालपत्र वाचता येत नाही. जे समोर दिसलं तेच त्यानं वाचलं.”

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. पुढच्या आठवड्यातली एक फाईल त्यांनी घरी आणली होती. एका मुस्लिम व्यापाऱ्याने एका कीर्तनकार बुवांवर उसनवारीचा दावा लावला होता. कागद स्वच्छ होते, दावा खरा दिसत होता. व्यापाऱ्याच्या बाजूने निकाल द्यावा लागला तर? लोक म्हणतील, मागच्या वेळची बोलणी पुसायला दिला. बुवांच्या बाजूने दिला तर म्हणतील, बघा, सांगितलं नव्हतं? म्हणजे आता कुठलाही निकाल त्यांचा राहिलाच नव्हता. प्रत्येक निकालावर आधी तसबिरीची सही होणार होती.

त्यांनी कपाटातून सर्वोच्च न्यायालयाची आचारसंहिता काढली. ७ मे १९९७ रोजी सर्व न्यायमूर्तींनी मिळून मान्य केलेली ती सोळा कलमं. न्याय नुसता झाला पाहिजे असं नाही, तो झालेला दिसलाही पाहिजे, आणि न्यायाधीशाने आपण सतत लोकांच्या नजरेत आहोत याचं भान ठेवलं पाहिजे, असं त्यात सांगितलं आहे. त्या आणखी वाचत गेल्या. कॅनडातल्या हॅमिल्टन इथले एक न्यायाधीश नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेची निवडणूक झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांच्या प्रचाराची लाल टोपी घालून कोर्टात आले. गंमत म्हणून घातली, असं त्यांनी सांगितलं, माफीही मागितली. तरी चौकशी होऊन त्यांना तीस दिवस बिनपगारी निलंबित करण्यात आलं. जर्मनीत १९७३ साली तिथल्या घटना न्यायालयाने एका ज्यू पक्षकाराचं म्हणणं मान्य केलं, की माझ्या श्रद्धेविरुद्ध मला क्रूसाखाली उभं राहून न्याय मागायला लावू नका. माणसं वेगळी, देश वेगळे, पण तिथल्या दारातही कुणीतरी चाचांसारखंच थबकलं होतं.

मग त्यांना आपल्या गावचाच माणूस आठवला. रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतात. वडील मात्र वारीच्या वाटेवर त्यांची दुसरीच हकिकत सांगत. थोरले माधवराव जपतपात फार वेळ घालवू लागले होते. शास्त्रीबुवा कामासाठी गेले तर पेशवे जपाला बसलेले. ते परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी काशीला जाण्याची परवानगी मागू लागले. माधवराव आपली बाजू सांगू लागले, तेव्हा त्यांनी स्पष्ट ऐकवलं, की ब्राह्मणाचा आचारच पाळायचा असेल तर राज्य सोडा, आपण दोघे काशीच्या घाटावर जाऊन बसू. पण गादीवर बसला आहात तर प्रजेचं काम हाच तुमचा धर्म. माधवरावांनी चूक मान्य केली. ही गोष्ट इतिहासकार ग्रँट डफनेही नोंदवून ठेवली आहे.

रामशास्त्री काही नास्तिक नव्हते. वेदशास्त्र जाणणारा तो माणूस. भक्तीची जागा कुठली आणि गादीची कुठली, एवढंच त्यांना पक्कं माहीत होतं.

सकाळी कोर्ट भरलं तेव्हा डायसवर फक्त फायली होत्या.

दुपारी वकील संघाची मंडळी चेंबरमध्ये आली. काही जण नाराज होते. “मॅडम, देव काढायची काय गरज होती? एका माणसाला वाटलं म्हणून?” दुसरे काही जण वेगळीच मागणी घेऊन आले होते. आता जागा रिकामी झालीच आहे तर आमच्या श्रद्धास्थानाची प्रतिमा तिथे ठेवा. कुणाच्या हातात एका नेत्याचा फोटोही होता.

न्यायाधीश म्हणाल्या, “देव काढला नाही, घरी नेला. रोज पहाटे त्याच्यापुढे हात जोडून निघते, काल निघत होते तशीच. ती जागाही रिकामी झालेली नाही. ती माझी नव्हतीच, म्हणून तिथे माझं काही ठेवणार नाही आणि तुमचंही ठेवता येणार नाही.”

“मग भिंतीवरची राजमुद्रा? तीही प्रतीकच आहे की,” एका तरुण वकिलाने विचारलं.

उत्तर दिलं ते कोपऱ्यात बसलेल्या सगळ्यात ज्येष्ठ वकिलांनी. “राजमुद्रा मॅडमनी घरून आणलेली नाही, बाळ. मॅडमची बदली झाली तरी ती इथंच राहणार. टिळकांना १९०८ साली जिथं शिक्षा झाली, त्या मुंबई हायकोर्टात १९५६ साली टिळकांचे शब्द कोरून लावले. ते शब्द न्यायालयाच्या भिंतीवर आहेत, कुणा एका न्यायाधीशाच्या डायसवर नाहीत. कर्नाटकात २०२२ साली कोर्टांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत बाबासाहेबांची प्रतिमा ठेवायचं ठरलं, तेही हायकोर्टाच्या परिपत्रकानं, राज्यातल्या सगळ्या कोर्टांसाठी. जे सगळ्यांनी मिळून, नियमानं लावलं ते संस्थेचं. जे एकानं आपल्या मनानं मांडलं ते त्याचं.”

थोडं थांबून ते म्हणाले, “माझे वडील निजामाच्या अमलात इथंच वकिली करायचे. कामकाज उर्दूत, हुकूम निजामाच्या नावानं. न्यायाधीश वाईट होते असं ते कधी म्हणाले नाहीत. पण मराठी कुणबी कोर्टाच्या पायरीवर आला की त्याला वाटायचं, हे घर आपलं नाही. दावा खरा असला तरी तो दारातच हरायचा. १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट गेली. जे आपल्याला सोसलं नाही ते आता चाचाला सोसायला लावायचं का?”

खोलीत कुणी बोललं नाही. ते पुढे म्हणाले, “आणि प्रतीकांचं मोल परभणीला बाहेरच्या कुणी शिकवायला नको. १० डिसेंबर २०२४ ला स्टेशनासमोर बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी शहर पेटलं. पुढं न्यायालयीन कोठडीत असलेल्या एका तरुणाचा जीव गेला. त्याच्या आईनं दाद कुठं मागितली? उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात. सगळ्या प्रतीकांची भांडणं शेवटी ज्या दारात येतात, त्या दारानंच आपलं वेगळं प्रतीक मिरवलं, तर माणसानं जायचं कुठं?”

नेत्याचा फोटो आणणाऱ्याने तो परत पिशवीत ठेवला.

तसबीर हलल्याची बातमीही लिंबाखालून गावात पोहोचली. चाचांची अपिलाची मुदत संपायला थोडे दिवस उरले होते. आपलं वाटणं कुणीतरी ऐकून घेतलं, याच भरवशावर त्यांनी मुलाला सांगितलं, “कर अपील. बघू एकदा.” पुन्हा ते टोपी घालून परभणीला जिल्हा न्यायालयात तारखांना जाऊ लागले. तिथे सगळा पुरावा नव्याने तपासला गेला आणि अपील फेटाळलं गेलं. निकाल तोच राहिला. सहा गुंठे अण्णांचेच.

तेव्हा बेलिफ येण्याची वाट चाचांनी पाहिली नाही. भूकरमापक हद्द दाखवायला आला त्या दिवशी ते स्वतः हजर राहिले, मुलाकडून खुणेचे दगड रोवून घेतले आणि अण्णांना म्हणाले, “अण्णा, माझा बाप चुकला आसंल. दोन कोर्टांनी मोजून सांगितलं. आता माझं काही म्हणणं नाही.” अण्णांनीही गावात मान वर करून सांगितलं, की जमीन मोजणीनं मिळाली. यावेळी लोकांनी ते ऐकून घेतलं.

त्या सहा गुंठ्यांचा निकाल पहिल्या दिवशीही बरोबर होता. पण पहिल्या दिवशी हरणाऱ्याला तो मानता येत नव्हता आणि जिंकणाऱ्याला मिरवता येत नव्हता. न्यायालयाकडे फौज नसते, खजिना नसतो. माणसं निकाल मानतात, एवढ्या एकाच बळावर त्याचा हुकूम चालतो. ते बळ न्यायाधीशाला स्वतःच्या देवाच्या, जातीच्या, पक्षाच्या किंवा नेत्याच्या खुणेसाठी खर्च करता येत नाही, ती खूण कितीही पवित्र असो आणि मन कितीही निर्मळ असो. विठ्ठल असो, बुद्ध असो, क्रूस असो, चांद-तारा असो की एखाद्या पक्षाचा झेंडा, नियम सगळ्यांना एकच. न्यायाधीशाने श्रद्धा सोडावी असं कुणी म्हणत नाही. ती मनात जरूर असावी. ती सचोटी देत असेल तर निकालात उतरतेच, तिला डायसवर मांडावं लागत नाही.

तात्पर्य: न्यायाच्या आसनावर बसणाऱ्याने आपली ओळख घरी ठेवून यावं, म्हणजे दारात उभ्या असलेल्या माणसाला आपली ओळख खिशात लपवावी लागत नाही.