काटा आणि धार

पैनगंगेच्या काठी मेहकरात एक ट्रकमालक होता. त्याच्या ट्रकचं इंजिन नव्याने बांधून झालं. क्रँक घासून आणला होता. बेअरिंगं नवी होती, ऑईल पंपही नवा. हंगाम सोयाबीनचा होता आणि माल खामगावला पोचवायचा होता.

इंजिन सुरू केलं तेव्हा ऑईल प्रेशरचा काटा चार किलोवर उभा राहिला. मालक सुलतानपूरपर्यंत फेरी मारून आला. इंजिन तापलं होतं. गाडी उभी करताच काटा अर्ध्या किलोवर घसरला.

"गेज खराब आहे," धाकटा मिस्त्री म्हणाला. त्याने दुसरं गेज लावलं. तेही अर्धाच किलो दाखवू लागलं. मग त्याने रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वायसर घातला. काटा हलला नाही. शेवटी त्याने १५-४० ऑईल काढून २०-५० भरलं. काटा किलोपर्यंत चढला.

"झालं काम! चावी द्या," मालक म्हणाला.

म्हातारा उस्ताद आडवा आला. "गाडी जाणार नाही."

"काहून उस्ताद? काटा तर वर आला ना."

"काटा आला. पण दाब जात कुठे होता, ते सापडलं का?"

कोणी बोललं नाही. ऑईलची पातळी बरोबर होती. गाडीखाली तेलाचा एक थेंब नव्हता.

उस्तादाने इंजिनाखालचं ऑईल चेंबर उतरवलं. ऑईलच्या बंद डब्याला कॉम्प्रेसरची हवा जोडली आणि ते ऑईल बंद इंजिनाच्या गॅलरीत, म्हणजे तेलाच्या मुख्य वाटेत, सोडलं. हाताखालच्या पोराला त्याने बॅटरी देऊन खाली झोपवलं.

"काय दिसतं?"

"प्रत्येक बेअरिंगच्या कडेने थेंब पडताहेत."

"तेवढे पडायलाच पाहिजेत. अजून बघ."

पोरगा पुढे सरकला. "उस्ताद, टायमिंग गिअरच्या मागून धार लागलीय!"

पुढचं कव्हर उघडलं. गॅलरीचं एक भोक मोकळं होतं. ब्लॉक धुताना आतला कीस निघावा म्हणून सगळी बुचं काढली होती. त्यातलं एक परत बसलंच नव्हतं. पोराने रॉकेलच्या ट्रेमध्ये हात घातला. तळाच्या गाळात ते बूच सापडलं. धाकट्या मिस्त्रीने मान खाली घातली.

"पण दाट ऑईलवर चाललं नसतं का?" मालकाने विचारलं.

"भाऊ, ठिबकच्या नळीचं टोकाचं बूच निघालं, तर झाडांना पाणी पुरतं का? पंप नुसतं तेल ढकलतो. तेल बारीक वाटेत अडतं, तेव्हा दाब होतो. मोठी वाट मोकळी मिळाली की ते तिकडेच पळतं. बेअरिंगं कोरडी पडली असती आणि भरल्या गाडीचं इंजिन रस्त्यात जाम झालं असतं."

उस्तादाने बूच बसवलं. वायसर काढला. पुन्हा १५-४० भरलं. गाडी सुलतानपूरला जाऊन आली. तापलेल्या इंजिनावरही काटा दीड किलोच्या खाली उतरला नाही.

मग मालकाने सोयाबीन भरलं आणि गाडी खामगावच्या वाटेला लागली.

बोध : लक्षण झाकलं म्हणजे दोष गेला असं नाही. मूळ सापडेपर्यंत दुरुस्ती पुरी होत नाही.